दुहेरी आळं

वर्धा,
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९
(तिथी तुझ्या पंचांगात पाहून घे. माझं शेजारी गेलं आहे, मुहूर्त काढायला.)

प्रिय कांता,

सप्रेम नमस्कार, आणि वर आशीर्वादसुद्धा. थोडी का होईना, तू माझ्याहून धाकटी आहेस, आणि हाती असलेला अधिकार सोडून देण्याइतकी विरक्ती मला अजून आलेली नाही.

इकडे सर्व क्षेम. तिकडेही क्षेमच असावं असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तुझा गुडघा, हिरालालजींचं कापडाचं दुकान आणि लेकीचं, मोनालीचं, सासर या तिघांना मिळून जेवढी जागा मिळाली आहे, त्याहून जास्त एकट्या मंदाबाईंना मिळाली आहे. मंदाबाई म्हणाल्या, मंदाबाईंनी दाखवलं, मंदाबाईंच्या लूनावर मागे बसून आष्टीला जाऊन आले. शेवटी सहीसुद्धा त्यांचीच असेल असं मला वाटलं होतं. तुझी निघाली. बरं वाटलं.

यजमान हिरालालजी दुकानात गुंतलेले आणि संत्र्याची सगळी बाग माझी मैत्रीण एकटी पाहते, असं मी आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी कौतुकानं सांगते. आता वाक्य दुरुस्त करावं लागणार. शेजारच्या वावरातल्या मंदाबाई आणि तू, अशा दोघी मिळून पाहता. द्विवचन मराठीत नाही हे एक बरं आहे.

आता तुझं काम. मंदाबाईंना नागपूरच्या रेडिओवर संत्र्याच्या बागेबद्दल बोलायला बोलावलं आहे, त्यांना सुरुवातीला ‘आळं’ हा शब्द कुठून आला ते सांगायचं आहे, आणि तू त्यांना म्हणालीस, “थांब, मायी सुलू सांगते, तिले सगळं येते.” त्यातलं ‘मायी सुलू’ एवढं वाचून मी कामाला लागले. बाकीचं मग वाचलं.

लिहून घे, किंवा त्यांना लिहून घ्यायला सांग. झाडाला घातलेलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून बुंध्याभोवती मातीचं जे कडं करतात, ते आळं. संस्कृतात त्याला ‘आलवाल’ म्हणतात. आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द तोंडात घोळवत राहिले आणि तो झिजून ‘आळं’ झाला. कोशात ‘आवाल’ आणि ‘आवाप’ असेही शब्द दिले आहेत, पण ते वावरात कोणी नेले नाहीत, म्हणून कोशातच राहिले. जुन्या काव्यात आश्रम आला की आलवाल येतंच. मुली कमरेवर घडे घेऊन ते भरत हिंडतात आणि कोणीतरी राजा झाडाआडून बघत असतो. तुमच्या तळेगावात राजा नसला तरी काम तेच आहे. वापर असा सांगावा: आळं करतात, आळं भरतात, माती खचली तर आळं फुटतं आणि पाणी शेजारच्या झाडाला जातं. ज्याच्या वाट्याचं जातं त्यानं मग पाहत बसायचं.

राहिली मंदाबाईंची ‘डबल रिंग’. तू समजावलंस ते मला कळलं ते असं: बुंध्याला लागून एक लहान कडं, त्यात माती चढवलेली, पाणी मुळीच नाही. बाहेर फांद्यांच्या घेराइतकं दुसरं मोठं कडं. पाणी द्यायचं ते या दोहोंच्या मधे. कारण पाणी पिणारी बारीक मुळं बाहेर घेराखाली असतात, आणि खोड ओलं राहिलं की सडतं. यासाठी ऋषींकडे शब्द नाही. त्यांनी संत्री लावली नव्हती. तेव्हा मीच एक करून देते: ‘द्विवलयालवाल’. मंदाबाईंना सांग, मायक्रोफोनपुढे हाच शब्द म्हणायचा, न अडखळता. शास्त्र आहे म्हणावं.

(हो, मला ठाऊक आहे मी काय करते आहे. तू हसू नकोस.)

माझं झाड उत्तम आहे. तू दिलेलं तेच, मागच्या अंगणातलं. मी त्याला आळंबिळं केलेलं नाही. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी बुंध्यावर घालते, एक श्लोक म्हणते, आणि शाळेला निघते. एका बाजूची पानं थोडी पिवळी दिसतात. ऊन असेल.

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे ओमप्रकाशजींच्या मुलाचं, रुपेशचं, लग्न ठरलं आहे. म्हणून पंचांग तिकडे. मिस्त्री येऊन माझ्या खोल्यांची लांबी-रुंदी घेऊन गेला. रंग देणार असतील.

हो, एक सहज विचारते. विहिरीजवळच्या त्या मोकळ्या जागेत यंदा काय आहे? तीच, जिथं तू एकदा चपलेच्या टाचेनं रेघ ओढून म्हणाली होतीस, “सुलू, इथं तुयी खोली. शाळा सुटली का येजो.” मी हसले होते ते आठवत असेल. सहजच विचारलं. हरभरा लावला असशील.

तुझी,
सुलोचना

---

वर्धा,
रविवार, १६ जानेवारी २०००

प्रिय कांता,

सप्रेम नमस्कार. संक्रांत झाली. पाकिटात तिळगुळाचे दाणे घातले आहेत, पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचं काय होईल ते देव जाणे. गोड बोलण्याचं यंदा कसं जमतं ते पत्राच्या शेवटी बघू.

तुझ्या मागच्या पत्रात माझ्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. असू दे. तुम्ही दोघी कामात.

मंदाबाईंचं भाषण ऐकलं. ओमप्रकाशजींच्या ओसरीत, त्यांच्या मोठ्या रेडिओवर. मी मुद्दाम तिथे जाऊन बसले, कारण ‘द्विवलयालवाल’ या ठिकाणी काय होतं ते साक्षीदारांसह ऐकायचं होतं. तुझ्या मैत्रिणीनं तो शब्द असा म्हटला की माझ्या दहावीच्या पहिल्या बाकावरच्या मुलीही म्हणणार नाहीत. आणि वर हसून म्हणाल्या, “हा शब्द आमच्या वर्धेच्या बाईनं देल्ला. तोंडात बसवाले मले आठवडा लागला. सकाळी झाडाईले पाणी देता देता म्हणत होतो, तं गडी म्हणे, मावशी कोणता मंतर म्हणून राह्यली?” ओसरीतली सगळी मंडळी हसली. भाभीजींनी, म्हणजे ओमप्रकाशजींच्या पत्नींनी, मला विचारलं, “तुमचीच मैत्रीण ना ही?” मी म्हटलं, “मैत्रिणीची.” बाई बोलतात मात्र छान. हे मी न्यायबुद्धीनं लिहिते आहे, तेव्हा त्याची किंमत ठेव.

पुढे त्या म्हणाल्या की काही लोक महादेवाच्या पिंडीवर घालावं तसं झाडाच्या खोडावर पाणी घालतात, आणि भक्ती करून झाड मारतात. इथे भाभीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओकडे पाहिलं.

हे तू त्यांना सांगितलंस. दुसरं कोण सांगणार? तांब्याची गोष्ट मी फक्त तुला लिहिली होती.

बरं, हे एवढ्यावर संपतं तर मी हे पत्र तिळगुळावर संपवलं असतं. पण गुरुवारी दुपारी शाळेतून येऊन चहाचं आधण ठेवते तो दारात लूना. डोक्याला पदर गच्च आवळलेला, हाताला माती, आणि आवाज रेडिओतलाच.

“तुमीच ना सुलोचनाबाई? मी मंदा. हापिसात काम होतं, म्हटलं जाता जाता झाड पाहून घ्यावं. कांता म्हणे, पानं पिवळी पडून राह्यली.”

मी म्हटलं, बसा. त्या बसल्या नाहीत. सरळ मागच्या अंगणात गेल्या, झाडापुढे उकिडव्या बसल्या आणि बुंध्याला असा हात लावला की मलाच अवघडल्यासारखं झालं. खाली, जिथे माझं रोजचं पाणी पडतं, तिथे साल काळी पडून फाटली होती आणि मधासारखा डिंक ओघळला होता. कांता, तो मी पाहिला होता. दिवाळीच्याही आधी. मला वाटलं होतं झाड पुष्ट झाल्याची ती खूण आहे. खरं म्हणजे मी त्याचं कौतुकच करत होते.

“डिंक्या हाय हा,” मंदाबाई म्हणाल्या. “कितीक दिवसापासून पाणी घालून राह्यल्या तुमी असं?”

“लावलं तेव्हापासून. रोज.”

“रोज? बाप्पा! बाई, झाडाले न्हाणं नाई लागत. पाणी लागते. ते बी इथं नाई, तिथं,” आणि त्यांनी फांदीच्या टोकाखाली बोट दाखवलं. “दूर. तुमीच तं त्याचा शब्द काढून देल्ला ना?”

 

मग त्यांनी सुरी मागितली. मी भाजीची दिली. सडलेली साल खरवडून, पांढरं लाकूड दिसेपर्यंत स्वच्छ केली. मोरचूद त्यांनी पिशवीतून आणलंच होतं, म्हणजे आधीच ठरवून आल्या होत्या. चुना पाहिजे म्हणाल्या म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले तर भाभीजी बाहेर येऊन त्यांच्याशी बोलत बसलेल्या, चहा झालेला, माझ्याच कपात. दोन्ही वेगवेगळं भिजवून एकत्र केलं, त्याचा निळसर लेप बुंध्याला दिला, आणि मग माझ्याच फावड्यानं दोन्ही कडी घालून दिली. आतलं लहान, बाहेरचं मोठं. पाहण्यासारखं काम होतं. मी पाहत होते.

यातून काही बोध काढू नकोस. बोध काढण्याचा पगार मला शाळेत मिळतो आणि तिथेच मी तो काढते.

हात धुताना त्या म्हणाल्या, “तुमचं पत्र आलं का आमी दोघी बांधावर बसून वाचतो. कांता वाचते, मी ऐकतो. लय हासू येते वो बाई. तुमी लिवता मस्त.”

माझी पत्रं. बांधावर. दोघी.

आणि मग, लूनाला किक मारता मारता, जशी काही हवापाण्याची गोष्ट: “आता येऊन पाहा एकडाव तळेगावले. विहिरीपाशी आमची पन्हेरी लागली. जंबेरीचे रोपं हातभर झाले. पुढच्या साली त्यायच्यावर संत्र्याचे डोळे बांधू. लय झ्याक जागा देल्ली कांतानं.”

मी म्हटलं, कुठली विहीर?

“तुमची विहीर. म्हंजे कांताची. आंब्याच्या अंगाची ते मोकळी जागा नाई का? सांगतलं नाई तिनं तुमाले?”

मी म्हटलं, सांगितलं असेल, मी विसरले असेन. मी अजून काही विसरत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर मिळालं. हरभरा नाही. रोपांची पन्हेरी. शास्त्रशुद्ध, पाण्याजवळ, उत्तम जागा. वाईट एवढंच वाटलं की हे मला माझ्या अंगणात, माझ्या झाडाचं औषध करायला आलेल्या बाईनं सांगितलं, आणि त्यांच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

हे पत्र बांधावर वाचलंस तर इथे थांब आणि पुढचं मनात वाच: मला ती जागा हवी होती.

सुलोचना

---

(पोस्टकार्ड)

वर्धा, ३० जानेवारी २०००

सौ. कांताबाईंस,

नमस्कार. कार्ड मुद्दाम उघडं पाठवते, म्हणजे मोठ्यानं वाचण्याचे कष्ट पडू नयेत. पन्हेरीबद्दल आपलं उभयतांचं अभिनंदन. झाडाच्या सालीवरचा डिंक थांबला आहे असं मंदाबाईंना कळवावं. मला त्यांचे आभार मानता आले नाहीत. आपण मानावेत. आपल्याला जमतं.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मागे घेतलेलं नाही.

सुलोचना

---

वर्धा,
रविवार, २७ फेब्रुवारी २०००

प्रिय कांते,

तुझं पत्र मिळालं. इतकं लांब पत्र तू मोनालीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा लिहिलं नव्हतंस. आणि इतकं रागावून तर कधीच नाही. आधी नमस्कार घे, मग वाच.

तू लिहितेस, “घर सोडा म्हणून ओमप्रकाशजी दिवाळीपासून मांगं लागले, खोल्या पोराले पाहिजे, अन तू मले एक अक्षर नाई सांगत? मले मंदीच्या तोंडून कळते? मी कोण होय तुयी?” बरोबर आहे. चुना आणायला मी कोपऱ्यावर गेले तेवढ्यात भाभीजींनी मंदाबाईंना सगळं सांगितलं. मिस्त्री रंगाचं माप घ्यायला आला नव्हता. भिंत कुठे पाडायची ते पाहायला आला होता. लग्न वैशाखात आहे. ओमप्रकाशजी चांगले आहेत, सावकाश सोडा म्हणतात, पण नवी सून सावकाश येत नसते. झाडही जाईल. ते सुधारतं आहे, जखम कोरडी झाली आहे, एका बाजूनं बारीक पालवी फुटली आहे, आणि त्या जागी पुढे न्हाणीघर होणार आहे. मी पाणी घालते आहे. मंदाबाईंच्या कड्यांमधेच घालते. श्लोकही म्हणते, पण उभी राहून, लांबून.

तुला का नाही सांगितलं, ते आता लिहिते. मला घर नाही म्हणून तू मला जागा द्यावीस, असं मला नको होतं. घर असताना दिलेली जागा मला पाहिजे होती. ती तू दिली होतीस. मधे मी एवढंच करायचं होतं की निमित्त न सांगता विचारायचं, आणि तेवढ्याकरता तुझ्या हरभऱ्याची चौकशी केली. शहाणपणाच्या बाबतीत मी कुठपर्यंत जाऊ शकते ते यावरून तुला कळेल.

तुझी दुसरी तक्रार जास्त खरी आहे. “मी विचारलं तं तू हासली. हासली तं हासली, मंग कधी हो बी नाई, नाई बी नाई. दरसाली वाट पाह्यली का आता सुलू म्हणन, आता म्हणन. पुन्हा काऊन विचारू? मले का तोंड नाई?” कांता, मी हसले ते नको म्हणून नव्हे. तू रेघ ओढलीस, आणि मला ते इतकं आवडलं की दुसरं काही करताच आलं नाही. मला वाटलं, ही पुन्हा विचारेल, तेव्हा नीट, विचार केल्यासारखं दाखवून उत्तर देऊ. तू माझी वाट पाहत होतीस आणि मी तुझी, आणि मधे जागा रिकामी. मंदाबाई आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “कांता, ही जागा रिकामी काऊन?” एवढंच. जे त्यांना एका वाक्यात जमलं ते मला व्याकरण शिकून जमलं नाही.

आता मंदाबाई. माझा राग त्यांच्यावर नाही, असं लिहिणार होते. खोडलं. आहे. संस्कृतात या भावनेचे बारीक भेद आहेत. दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसत नाही तो मत्सर, दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधते ती असूया, आणि आपल्या माणसावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला खपत नाही ती ईर्ष्या. मी तिन्ही लावून पाहिले. तिन्ही बसले. असूयेला थोडी अडचण आली, कारण दोष सापडेना. त्यांची लूना फार आवाज करते एवढाच सापडला.

त्या तुला ‘तू’ म्हणतात हे मला खटकतं. त्यांना तुझा गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो ते माझ्याआधी कळतं हे खटकतं. तू मला पत्रात “मंदी हासली” असं लिहितेस तेव्हा तू तिथे हसत असतेस, आणि मी इथे टपालाची वाट पाहत. हे सगळं वयाला शोभत नाही म्हणशील. नाहीच शोभत. माझ्या वर्गातल्या मुली कोण कोणाजवळ बसलं म्हणून रडतात तेव्हा मी त्यांना समजावते. आता समजावताना जरा दमानं घेते.

आणि आता तू कळवतेस की मंदाबाई म्हणाल्या, “बाईले जागा पाहिजे तं मी रोपं हालवतो, नाल्याच्या अंगानं नेतो, तिची खोली बांध.” वाचून मी पत्र खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. किती भली बाई आहे! हातभर झालेली रोपं, पुढच्या वर्षी डोळे बांधायची, ती कोण हलवतं? अर्धी मरतील. आणि हे त्या माझ्यासाठी करायला निघाल्या, मी त्यांचे साधे आभारही मानले नसताना.

नको. माझं ऐक, यात टिंगल नाही. जागा तुझी, देणं तुझं, आणि सोडायला निघाल्या त्या, असं मला घ्यायचं नाही. त्यांनी सोडलेल्या जागेत मी रोज सकाळी उठून त्यांचे उपकार मोजत बसेन, आणि तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी ते फेडण्याकरता त्यांच्यावर अजून जळेन. रोपांना विहीर जवळ लागते. पन्हेरी तिथेच राहू दे. नाल्याकडची बाजू मला दे. तिथे पावसाळ्यात चिखल होतो, दुपारचं ऊन येतं, आणि विहिरीवरून पाणी आणायला चालावं लागेल, हे सगळं मला चालेल. फक्त तू दे.

शाळेत मी परवा अर्ज दिला. सत्र संपलं की सुटका. हे तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी दिला, तेव्हा तू बोलावलंस म्हणून दिला असं होत नाही, आणि मंदाबाईंनी जागा सोडली म्हणून तर मुळीच नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “अजून काही वर्षं होती की हो, घाई कसली?” मी म्हटलं, एका मैत्रिणीनं एक गोष्ट विचारून ठेवली आहे, तिचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. त्यांना वाटलं व्याकरणाचं असेल.

तर ते उत्तर. हो.

एवढंच होतं ते. किती लहान आहे पाहा. आणि मला मेलीला एवढी वर्षं लागली.

तू लिहिलंस, “येजो पण हासू नको आता.” नाही हसणार. पण काही गोष्टी आधीच ठरवून घे. तिथे आल्यावर मी मंदाबाईंशी चांगली वागेन. त्यांना शब्द पाहिजे तो काढून देईन, सोपा काढून देईन. त्या बोलतील तेव्हा ऐकेन. पण त्या आवडतात असं तू माझ्याकडून वदवून घेऊ नकोस, निदान पहिल्या वर्षी नाही. आणि संध्याकाळी, काम झालं की, थोडा वेळ तू माझ्याजवळ येऊन बसायचं. त्या वेळी बांधावरून त्यांनी हाक मारली तर “येतो” म्हणायचं आणि लगेच उठायचं नाही. एवढं मी मागते. हे मागणं लहान आहे का मोठं, मला कळत नाही. तू ठरव.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते, जागा पाहायला. सामान नंतर. स्टँडवर घ्यायला ये, पायी का होईना. एकटी ये.

तुझी, आणि येत्या उन्हाळ्यापासून तुझ्याच गावची,
सुलू